सुट्या भागांचा सूर

पेण आणि रोहा परिसरात हळदीच्या मांडवातून किंवा गणपतीच्या मिरवणुकीतून जो तारस्वर ताशांच्या गदारोळावर मात करून दूरवर पोहोचतो, तो बहुधा बेंजोचा असतो. कातडे मढवलेल्या अमेरिकन वाद्याशी या बेंजोचे नाते केवळ नावापुरते आहे. त्याचा खरा पूर्वज म्हणजे गोरो मोरिता या जपानी वादकाने १९१२ साली नागोया शहरात घडवलेले ताइशोगोतो, ज्यात तारेवर बोट टेकवण्याऐवजी टाइपरायटरच्या धाटणीची कळ दाबली जाते आणि ती तारेला खालच्या पट्टीवर टेकवून हवी तेवढी आखूड करते. भारतात आल्यावर तेच बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-कोकणातील वादकांनी त्याच्या तारांखाली पिकअप, म्हणजे पोलादी तारेचे थरथरणे विजेच्या क्षीण लहरीत बदलणारे चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे, बसवून त्याला रस्त्यावर उतरवले. रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बॅन्जो’ या हिंदी चित्रपटाने त्याला पडदा मिळवून दिला, तरी संगीताच्या अभ्यासकांनी त्याला अजून ओसरीवरच बसवून ठेवले आहे. घरच्या घरी सुटे भाग गोळा करून इलेक्ट्रिक गिटार जुळवू पाहणाऱ्या कोकणी तरुणाने आपला पूर्वसूरी कॅलिफोर्नियात शोधण्याआधी या बेंजोवाल्याकडे पाहावे, कारण लाकूड, पोलादी तार, चुंबक आणि स्पीकर यांची सांगड कशी घालायची, हे त्याच्या दारात आधीच येऊन गेले आहे.

या सांगडीचे वेगळेपण मिरजेच्या तंबोऱ्याशेजारी ठेवल्यावर नीट कळते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत तंतुवाद्यांचा व्यवसाय उभा केला आणि तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले; त्या वाद्यांचा नाद शेतात पिकणाऱ्या भोपळ्याच्या पोकळीत वाढतो, त्यामुळे भोपळा निवडण्यापासूनच कारागिराची परीक्षा सुरू होते. इलेक्ट्रिक गिटारला अशी पोकळी नको असते. पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज मोठा केला, की स्पीकरमधून आलेला नाद पेटीला पुन्हा हलवतो, ती हालचाल पुन्हा पिकअपमध्ये शिरते आणि फीडबॅक म्हणून ओळखली जाणारी कर्कश शिट्टी सुरू होते. यावर उपाय म्हणून लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात पाइनच्या चौकोनी ओंडक्यावरच तारा ताणल्या, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांना ते वाद्य वाटावे म्हणून कापलेल्या गिटारच्या दोन बाजू त्या ओंडक्याला पंखांसारख्या जोडल्या. नादाशी काडीचाही संबंध नसलेले ते पंख पाहिल्यावर श्रोते निर्धास्त झाले, ही गोष्ट श्रोत्यांविषयी बरेच काही सांगून जाते.

पुढचे पाऊल कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी टाकले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आणि स्वतः गिटार वाजवू न शकणाऱ्या या माणसाने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारचा नेक, म्हणजे ज्यावर बोटे फिरतात तो लांब दांडा, बॉडीला सरसाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी आवळला. झिजलेला नेक काढून नवा बसवता यावा, एवढाच त्यामागचा दुरुस्तीवाल्याचा हिशेब होता. परंतु त्या चार स्क्रूंनी वाद्य घडवणे आणि वाद्य जुळवणे यांमधली भिंत पाडली.

घरी केलेल्या गिटारींत सर्वांत ख्यातनाम ठरली ती क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदातील ब्रायन मे यांची. १९६३ साली वडिलांच्या मदतीने हाती घेतलेल्या या कामात नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आले, तारांचा ताण सैल करून सूर लववणाऱ्या यंत्रणेसाठी मोटारसायकलच्या स्प्रिंगा आल्या आणि फ्रेटबोर्डावरील, म्हणजे नेकच्या बोटे दाबायच्या पृष्ठभागावरील, खुणांसाठी शिंपल्याची बटणे. पुढे त्याच गिटारच्या साथीने जो आवाज जगभर पोहोचला, त्या फ्रेडी मर्क्युरीचा पहिला वाद्यवृंद पाचगणीच्या शाळेत जमला होता, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. मात्र या कथेतील बोधक तपशील निराळाच आहे: मे यांनी पिकअपही स्वतः गुंडाळले होते, पण ते मनासारखे वाजेनात तेव्हा त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत आणून बसवले. काय स्वतः करावे आणि कशासाठी मुकाट्याने दुकान गाठावे, हा विवेक या छंदाचा कणा आहे.

बॉडीच्या बाबतीत पेणकराला दुकान गाठण्याची गरज नाही. कोकणच्या रानात वाढणारी शिवण वजनाला हलकी असते, नीट वाळल्यावर फारशी वेडीवाकडी होत नाही, रंध्याला आणि पटाशीला सहज वश होते आणि वाद्यांसाठी ती पूर्वापार वापरात आहे. साग टिकाऊ खरा, पण त्याची बॉडी तासभर खांद्यावर पेलताना त्याचे मोल वजनाने वसूल होते. सुमारे ४५ मिलिमीटर जाडीच्या फळीतून आकार कापणे हे कोणत्याही सुताराचे काम आहे. कस लागतो तो नेक बसवायच्या खाचेत. ही खाच जेमतेम १६ मिलिमीटर खोल असते, तिचा तळ सपाट आणि कडा काटकोनात लागतात, आणि ती इतकी घट्ट साधावी लागते की एकही स्क्रू न लावता नेक धरून वाद्य उचलले, तरी बॉडी सुटून खाली पडू नये. येथे केसभर ढिलाई राहिली तर नेक कुशीला सरकतो आणि कडेची तार फ्रेटबोर्डाच्या काठावरून घसरू लागते.

नेकची गोष्ट वेगळी, कारण तेथे सुताराच्या हाताबरोबर गणिताचे राज्य सुरू होते. फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने वादक ते कानाने सरकवून सुरात आणतो. गिटारचा फ्रेट एकदा लाकडात ठोकला की तो हटत नाही, म्हणून त्याची जागा आधीच अचूक ठरावी लागते. फेंडरच्या प्रचलित मापात नटपासून, म्हणजे खुंट्यांकडील खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपर्यंत, तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर सुमारे ३६.४ मिलिमीटर येते. उरलेल्या लांबीला त्याच संख्येने भागले की दुसऱ्याचे येते, आणि असे करत बाराव्या फ्रेटपाशी पोहोचल्यावर लांबी बरोबर निम्मी, म्हणजे ३२४ मिलिमीटर उरते, जेथे तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमध्ये तर अवघे १९ मिलिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे एका मिलिमीटरची चूकही जाणत्या कानाला खटकते. गणपतीच्या कारखान्यात हात-सोंड जोडून मूर्ती उभी राहिल्यावर डोळ्यांची आखणी ज्या जाणत्या हाताकडे सोपवली जाते, तसाच अधिकार गिटारमध्ये या आखणीला आहे. फरक इतकाच, की येथे तो हात यंत्राचा असला तरी कुणाचे बिघडत नाही.

विजेचे काम दिसते त्यापेक्षा सोपे आहे आणि त्यासाठी लागणारे पॉट, कॅपॅसिटर व स्विच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. पॉट म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोधक. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला तो साधारण २५० किलोओहमचा लावतात. खरी डोकेदुखी गुणगुणीची. पिकअपचे वेटोळे तारेचे थरथरणे जितक्या आवडीने टिपते, तितक्याच आवडीने ते घरातील वायरिंगची वीजही टिपते, आणि भारतातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावत असल्याने स्पीकरमधून खर्जाचा अखंड हुंकार येत राहतो. सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीत दोन वेटोळी उलट-सुलट जोडून हा हुंकार परस्पर छेदणारा हमबकर पिकअप तयार केला. तो परवडत नसेल तर गुणगुण निदान कमी करण्यासाठी बॉडीत पिकअप आणि पॉटसाठी कोरलेल्या खोबणींना आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवावा, ब्रिजला अर्थिंगची वायर द्यावी आणि प्रत्येक जोड पुन्हा तपासावा, कारण वरून चकाकणारा पण आतून सुटलेला जोड, ज्याला कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात, तो ऐन कार्यक्रमातच दगा देतो.

या सगळ्यावर कोकणचा पाऊस आपली मोहर उठवतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आणि धरमतरच्या खाडीची खारी हवा खाणाऱ्या या मुलखात, कोरड्या प्रदेशात तयार झालेला नेक जूनमध्ये फुगतो, तारा पंधरवड्यात तांबूस पडतात आणि ब्रिजचे स्क्रू गंजतात. सहा तारांचा एकूण ताण चाळीस किलोंच्या घरात असतो; त्याच्या ओढीने नेक धनुष्यासारखा वाकू नये म्हणून त्यात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई घातलेली असते, आणि पावसाळा लागताना व सरताना तिच्या टोकाचा पेच किल्लीने थोडा थोडा फिरवून नेक सरळ राखणे हे कोकणातील गिटारवाल्याचे ठरलेले काम होऊन बसते. किल्ली एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

तेव्हा पेण-रोह्याकडे ज्याला हा उद्योग करायचा आहे, त्याने ट्रस रॉड बसवलेला, फ्रेट ठोकलेला नेक तयार विकत घ्यावा, पिकअपसाठी कंजुषी करू नये, बॉडी मात्र वाळलेल्या शिवणीची गावच्या सुताराकडून डोळ्यांदेखत करून घ्यावी, आणि लॅकरचा हात दिवाळीनंतरच द्यावा, कारण भर पावसात दिलेल्या लॅकरवर हवेतील ओल बसून पांढुरकी झाक येते.