पुन्हा अंगठा

हल्ली जो उठतो तो एकच रडगाणं गातो. आजकालच्या पोरांना पाढे येत नाहीत. दुकानदारानं सुट्टे परत दिले तर मोजता येत नाहीत. फ्यूज उडाला तर तार बांधता येत नाही. आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घडाघडा म्हणावी लागे.

मला विचारायचंय, तुमच्या वेळी म्हणजे कुणाच्या वेळी? ज्या पंतोजीच्या शाळेत ही औटकी घोकली जात होती तिच्या पायरीवर माझा खापरपणजा उभा राहू शकत नव्हता. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, हे मला गिरणीत लागल्यावर एका फाटक्या पुस्तकातून कळलं. तेव्हा त्या हरवलेल्या पाढ्यांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. जे आपल्याला कधी दिलंच नाही ते हरवलं म्हणून आपण कशाला गळा काढायचा?

पण दोस्तांनो, म्हणून हा प्रश्न पांढरपेशांचा म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या पोराला भागाकार आला नाही तर बाप शिकवणी लावील, पुढं हिशेबाला माणूस ठेवील. आपल्या पोराला आला नाही तर त्याचा पगार जाईल. इतका सरळ फरक आहे.

माझ्या आज्जानं आत्याच्या लग्नात सावकाराच्या वहीवर शंभर रुपयांसाठी अंगठा केला. आठ वर्षं त्याच्या मळ्यात राबला. शंभर फिटले की नाही हे आमच्या घरात अजून कुणाला ठाऊक नाही. वहीत काय लिहिलंय ते सावकारानं वाचायचं आणि आज्जानं मान हलवायची.

आता आज्जीचं ऐका. तीही शाळेत गेली नव्हती. पण विसाविसानं मोजायची. सत्तर म्हणायचं तर "तीन इसा आन दहा" म्हणायची. चार शेरांची पायली, एवढ्या पायल्या घरात, एवढी तोंडं, म्हणजे ज्वारी संक्रांतीपतोर पुरंल का न्हाई, हे ती चुलीपुढं बसून सांगायची. ते चुकायचं नाही. म्हणजे डोकं होतं. कागद नव्हता. तिचा हिशेब सावकाराच्या वहीच्या पुठ्ठ्यापाशी येऊन थांबायचा. आपल्या माणसांना गणित येत नव्हतं हे खोटं आहे. आपलं गणित लिहून ठेवायची सोय नव्हती, हे खरं.

जोतीरावांना हे पक्कं ठाऊक होतं. 1882 साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल आणि व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. बघा, हिशेब आणि शेती एकाच यादीत. डोकं आणि हात एकाच वर्गात बसवायला निघाला होता तो माणूस.

आणि बाबासाहेब? आपण त्यांचा सूट बघतो, पुस्तक बघतो, बोट बघतो. त्यांची आकडेमोड बघत नाही. 1923 साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो लंडनमध्ये छापला गेला. 1927 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी काय केलं? शंभर मुलं शाळेत शिरतात, त्यांतली 18 चौथीपर्यंत पोचतात, 82 परत निरक्षर होतात, असं मांडलं. सरकार माणशी 14 आणे शिक्षणावर खर्चतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल करतं, असं मांडलं. शिवी दिली नाही. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. समोरच्याला उत्तर देता येऊ नये अशी ती वजाबाकी होती.

हातातल्या कौशल्याचंही तसंच. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचाखात्यात घेत नसत. का? तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. साचाखात्यात पगार जास्त. म्हणून आपली माणसं कमी पगाराच्या खात्यांत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. विणायला लागणारे हात आपल्याकडं होते. हाताला जात आडवी आली. तेव्हा कौशल्य गेलं, कौशल्य गेलं म्हणून जे ओरडतात त्यांनी ते आधी कुणाकुणाला शिकू दिलं नाही तेही एकदा सांगावं.

आता माझं. नववीत शाळा सुटली. इचलकरंजीच्या बाजूच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. रात्रपाळीला कविता करतो. हिशेब मी गिरणीतच शिकलो. एक म्हातारा कामगार होता, आता निवृत्त झालाय. त्यानं मला सुताचा नंबर काढायला शिकवलं. रिळावर 120 वार सूत गुंडाळायचं. काट्यावर ठेवायचं. ग्रॅममध्ये वजन येईल त्यानं 64.8 ला भागायचं. 1.62 ग्रॅम भरलं तर 40 नंबर. 1.70 भरलं तर 38 च्या आसपास, म्हणजे सूत जाड निघालं, आधीच्या खात्यात गडबड आहे. म्हातारा काट्याआधी सूत चिमटीत धरायचा आणि नंबर सांगायचा. मग भागाकार करून आपल्या चिमटीची परीक्षा घ्यायचा. बोटांनी गणित तपासायचं आणि गणितानं बोटं.

आता यंत्रावर आकडा दिसतो. लाल दिवा लागला की पोरगं धावतं. यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्रानं फुफ्फुसात जाणारा कापूस कमी केला तर मी त्याला हार घालीन. माझं भांडण वेगळं आहे. महिनाअखेर तेच यंत्र सांगतं, तुझी कार्यक्षमता 86 टक्के, बक्षिसाला 88 लागते. पोरगं गप्प बसतं. 86 कशाचे? वीज गेली तो वेळ धरला का? कापूस खराब होता म्हणून धागा तुटत राहिला, तो वेळ कुणाच्या नावावर? हे विचारायला आधी टक्केवारी म्हणजे काय ते कळायला लागतं. वरचा आकडा आणि खालचा आकडा. खालचा कुणी ठरवला, हा सगळा प्रश्न आहे.

असर नावाची एक पाहणी होते. 2023 साली तिनं 14 ते 18 वर्षांची 34,745 ग्रामीण पोरं तपासली. तीन आकडी संख्येला एका आकड्यानं भागणं जमलं 43.3 टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना जमलं नाही. आणि मोबाईल? जवळजवळ नव्वद टक्के घरांत. या पाहणीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पट्टीवर शून्यापासून वस्तू ठेवली तर सुमारे 85 टक्के पोरांनी लांबी बरोबर सांगितली. तीच वस्तू थोडी पुढं सरकवून ठेवली तर फक्त 39 टक्क्यांना सांगता आली.

दोस्तांनो, आपल्या आयुष्याची वस्तू शून्यावर कोण ठेवतं? कुणाचं कर्जापासून सुरू होतं, कुणाचं बापाच्या आजारापासून. सुरुवात कुठली ते बघून वजा करता आलं नाही, तर आपलं खरं माप आपल्याला कधीच कळणार नाही.

गेल्या पावसाळ्यात डॉफिंगला एक नवा पोरगा आला. बी.कॉम. झालेला. कंत्राटदारामार्फत. जेवणाच्या सुट्टीत पगाराची स्लिप माझ्यापुढं धरली.

"दादा, पैसे कमी वाटत्यात."

"किती कमी?"

"ते काय म्हाईत न्हाई. कमी वाटत्यात."

कमी वाटत्यात! आज्जालाही असंच वाटत असणार.

रिकामा कागदी कोन घेतला आणि त्याच्यावरच मांडलं. बेसिक आणि महागाई धरून रोज 480. दिवस 26. झाले 12,480. पीएफ 12 टक्के. दहा टक्के म्हणजे 1,248. एक टक्का 124.80, दोन टक्के 249.60. बेरीज 1,497.60. स्लिपवर कापलेले 2,995. म्हणजे चोवीस टक्के. मालकाचा हिस्साही पोराच्याच खिशातून. असं कापायला कायद्यानं बंदी आहे.

मग जादा वेळ. आठ तासांचे 480, तासाला 60. 1948 च्या कारखाने कायद्यानं जादा वेळेला दुप्पट दर ठरवला, 2020 च्या नव्या संहितेतही तो दुप्पटच आहे. म्हणजे 120. सहा दिवस चार-चार तास, चोवीस तास. व्हायला हवेत 2,880. दिलेत 1,440. दोन्ही मिळून महिन्याला 2,937.40 बुडाले. वर्षाचे पस्तीस हजारांच्या वर.

पोरगा कोनाकडं बघत राहिला. खिशात मोबाईल होता. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर होता. पण कॅल्क्युलेटर विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि काय विचारायचं ते त्याला पंधरा वर्षांच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. पास कसं व्हायचं ते शिकवलं. तो त्याचा दोष नाही. तो आळशी नाही. बारा तास उभा राहतो.

आम्ही सहा जण आपापली मांडणी कागदावर लिहून कंत्राटदाराकडं गेलो. तो म्हणाला, कॉम्प्युटरची चूक आहे. पुढच्या महिन्यात आम्हा सहा जणांचा पीएफ बारा टक्क्यांवर आला. बाकीच्यांचा चोवीसच राहिला. कॉम्प्युटर फक्त सहा जणांपुरता सुधारला! जादा वेळेचा दर अजून सिंगलच आहे. त्यासाठी सहा पुरत नाहीत, सगळं खातं लागतं. आणि सगळ्या खात्याला आधी हा गुणाकार यावा लागतो.

आज्जाचा अंगठा शाईत बुडायचा. आमचा हजेरीच्या काचेवर टेकतो. पदवी घेतलेला पोरगा रोज दोनदा अंगठा करतो आणि पलीकडं काय नोंदलं गेलं ते त्याला वाचता येत नाही. शाई गेली. अंगठा तिथंच आहे.

आता जरा आपल्याकडं. आपण कार्यकर्ते. व्यवस्थेवर तासभर बोलतो. अनुसूचित जातींसाठी वेगळी घटक योजना 1979 पासून सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा ठेवायचा, असं तत्त्व. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती 11.8 टक्के. मग राज्याच्या योजना खर्चाला 11.8 टक्क्यांनी गुणून, ठेवले किती आणि खर्चले किती, ही वजाबाकी आपल्यापैकी कितीजण करतात? घोषणा पाठ आहेत. वजाबाकी पाठ नाही. समोरचा अधिकारी घोषणेला घाबरत नाही, त्याला रोज ऐकून सवय झालीय. आकडा घेऊन गेलात की तो फाईल उघडतो.

वस्तीत बायांना कर्ज देणारे येतात. म्हणतात, बारा हजार घ्या, बारा टक्के व्याज, महिन्याला 1,120 भरा. व्याज 1,440, बरोबर वाटतं. पण दर महिन्याला हजार मुद्दल फिटत जातं. वर्षभर हातात सरासरी साडेसहा हजारच असतात. 1,440 भागिले 6,500. खरं व्याज बावीस टक्के. हे एका आईला जरी बाराखडीसारखं कळलं तरी गल्ली वाचेल.

म्हणून सांगतो, मोठं काही करू नका. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर बसू. फळा नसला तर फरशीवर खडूनं मांडू. ज्याची त्यानं पगाराची स्लिप आणावी, विजेचं बिल आणावं, बचत गटाचं पुस्तक आणावं. जयंतीच्या वर्गणीचा हिशेबही तिथंच, सगळ्यांदेखत, पोरांकडून. ज्याला वायरिंग येतं त्यानं फ्यूज शिकवावा. ज्या आज्जीला विसानं मोजता येतं तिला पुढं बसवावं, तिचे इसा आधी फळ्यावर लिहावेत आणि मग आपले दहा. लाज कुणी धरायची नाही. आमच्या खात्यातला तो बी.कॉम.वाला आता टक्के काढायला शिकलाय, तो पहिल्या रविवारी शिकवायला तयार आहे.

पेन्सिली मी आणतो. स्लिपा तुम्ही आणा.