टिनमथच्या होडीतल्या वह्या

मित्रांनो, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी कधी पकडलीत, तर डावीकडच्या खिडकीजवळ बसा. एक्सेटर मागे पडलं की गाडी थेट समुद्राच्या कडेने धावू लागते. इतकी कडेने, की उधाणाच्या दिवशी लाटांचं पाणी डब्याच्या काचांवर उडतं! फेब्रुवारी 2014 मधल्या वादळात तर डॉलिश गावाजवळ रुळांखालची भिंतच समुद्राने फोडून टाकली होती. उजवीकडे लालभडक कडे दिसतात. आपल्याला कोकणातल्या जांभ्याची आठवण यावी, असा तो रंग.

मग एक छोटं गाव येतं. त्याचं स्पेलिंग वाचून तुम्ही ‘टेइग्नमाउथ’ म्हणालात, तर गावकरी गालातल्या गालात हसतील. ते म्हणतात ‘टिनमथ’. टीन नदी इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या शाल्डन गावी जायला जुनी तर आहे, उन्हाळ्यात वाळूवर मुलांची किल्ले बांधायची धांदल असते. सगळं कसं निवांत!

याच गावाच्या बंदरातून 31 ऑक्टोबर 1968 रोजी एक होडी निघाली. तिचं नाव ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’. तिच्यात एकटाच माणूस होता, डोनाल्ड क्रोहर्स्ट. आणि गंमत म्हणजे हा इंग्रज माणूस जन्मला होता आपल्या भारतात, दिल्लीजवळच्या गाझियाबादला, 1932 साली! वडील इथे रेल्वेत होते. देश स्वतंत्र झाला आणि ते कुटुंब इंग्लंडला परतलं.

आता जरा होडीकडे बघा. कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी बांधलेली असते, ती तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. उलांडीमुळे होडी कलंडत नाही. हीच युक्ती वाढवत नेली, की दोन होड्या शेजारी शेजारी जोडून ‘कॅटमरान’ होते. हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. तीन होड्या जोडल्या, तर ‘ट्रायमरान’. क्रोहर्स्टची होती ती ही. या होड्या वाऱ्यावर सुसाट पळतात. पण एक खोट आहे बरं का. अशी होडी एकदा पुरती उलटली, की आपोआप सरळ होत नाही.

शर्यतही साधीसुधी नव्हती. ‘संडे टाइम्स’ या वर्तमानपत्राने ती भरवली होती. एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायची! सर्वांत आधी परत येईल त्याला सोनेरी पृथ्वीगोल, आणि सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला 5,000 पौंड. निघायची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर.

क्रोहर्स्ट बरोब्बर त्याच दिवशी निघाला. खरं तर होडी तयारच नव्हती. उलटल्यावर तिला सरळ करण्यासाठी डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी लावली होती. ती फुगवणारं यंत्र मात्र बनलंच नव्हतं. थोड्याच दिवसांत होडीत पाणी शिरू लागलं. बादल्यांनी पाणी उपसत तो विचार करत बसे. पुढे दक्षिणेकडच्या खवळलेल्या महासागरात गेलो, तर बुडणार. मागे फिरलो, तर करारानुसार होडीचे सगळे पैसे भरावे लागणार. घर जाणार. घरी बायको, चार मुलं. आणि गावाने तर होडीला आपलं नाव दिलेलं! त्या सगळ्यांना काय तोंड दाखवायचं?

मग त्याने तिसरीच वाट धरली. खोटं बोलायची.

भर समुद्रात आपण कुठे आहोत, हे तेव्हा कसं कळायचं? सेक्स्टंट नावाच्या यंत्राने सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं, घड्याळ बघायचं, गणित करायचं आणि उत्तर नोंदवहीत लिहायचं. या वहीला म्हणतात ‘लॉगबुक’. क्रोहर्स्ट न गेलेल्या ठिकाणांची गणितं उलटी सोडवू लागला. आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला जुळेल असा सूर्य शोधायचा! खऱ्या गणितापेक्षा हे कितीतरी किचकट. डिसेंबरात त्याने रेडिओवरून कळवलं, की एका दिवसात 243 सागरी मैल तोडले. वर्तमानपत्रांत केवढा जयजयकार झाला! प्रत्यक्षात तो अटलांटिक महासागरातच घुटमळत होता. मार्च 1969 मध्ये तर होडी दुरुस्त करायला तो गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागला. नियमात हे बसतच नव्हतं.

दरम्यान 22 एप्रिल 1969 ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांचा प्रवास करून पहिला परत आला. त्याची ‘सुहेली’ होडी कुठे बांधलेली होती, ठाऊक आहे? आपल्या मुंबईत! चांगली सागवानी लाकडाची.

मागून नायजेल टेटली येत होता, तोही ट्रायमरानमध्येच. क्रोहर्स्ट आपल्याला गाठतोय, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने आपली खिळखिळी झालेली होडी तशीच दामटली. 21 मे रोजी ती फुटली. घर अवघं दोनेक हजार किलोमीटर राहिलं होतं! टेटलीला वाचवलं गेलं, होडी बुडाली. एका माणसाच्या खोट्या आकड्यांनी दुसऱ्याची खरी होडी बुडवली, नाही का?

आता 5,000 पौंड क्रोहर्स्टलाच मिळणार होते. म्हणजे त्याच्या वह्या तज्ज्ञ लोक ओळ न् ओळ तपासणार. तिकडे गावात स्वागताची तयारी सुरू झाली. इकडे तो होडीत बसून पानामागून पानं लिहीत राहिला. मन थाऱ्यावर नव्हतं. शेवटची नोंद आहे 1 जुलैची. 10 जुलै रोजी ‘पिकार्डी’ नावाच्या टपाल-जहाजाला त्याची होडी सापडली. एकच लहानसं शीड वर होतं, आत कुणीही नव्हतं. डोनाल्ड क्रोहर्स्ट समुद्रात नाहीसा झाला होता.

वह्या मात्र तिथेच होत्या. खऱ्या प्रवासाच्या नोंदी आणि खोट्या गणितांचे कागदही. मनात आणलं असतं तर त्याने ते सगळं पाण्यात फेकून दिलं असतं. कुणाला कधी पत्ताही लागला नसता! त्याने तसं केलं नाही. म्हणून तर ही गोष्ट आज आपल्याला कळते.

आणि नॉक्स-जॉन्स्टन? 5,000 पौंडही आता त्यालाच मिळाले. त्याने ती सगळी रक्कम क्रोहर्स्टच्या बायकोमुलांना देऊन टाकली. ज्याने जगाला फसवलं, त्याच्याविषयी एक कडवट शब्दही तो बोलला नाही. एकट्या माणसावर भर समुद्रात काय गुदरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

टिनमथच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की मनात येतं, 30 ऑक्टोबरच्या रात्री कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायला हवं होतं, “अरे, होडी तयार नाही ना? मग राहू दे. लोक चार दिवस हसतील. चल घरी.”

मित्रांनो, तुमच्याही दप्तरात एखादं प्रगतिपुस्तक असेल, सहीसाठी काढायला हात धजत नसलेलं. आज रात्री जेवणं झाली, की ते काढा बरं! आणि आईबाबा, तुम्ही आधी त्याला जवळ बसवा. मग उघडा ते प्रगतिपुस्तक.