चार हातांचे अंतर

रायपूरच्या तात्यापारा भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेथील एका निवृत्त शिक्षकाच्या घरी ऐन पावसाळ्यात चार-पाच महिन्यांचे गावठी पिल्लू आले आणि आल्याबरोबर पलंगाखाली शिरले. केरसुणी उचलली की ते अंग चोरी. छत्री उघडली की कापू लागे. कुकरच्या शिट्टीला तर जागच्या जागी मुते. धुणीभांडी करणारी छत्तीसगढी बाई त्याला मायेने 'कुकुर' म्हणे. तेवढ्या हाकेनेही ते भिंतीला चिकटे.

गुरुजींनी प्रथम केले ते कोणीही केले असते. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढले, मांडीवर घेतले, दूधपोळी तोंडाशी नेली. पिल्लाने बोटाला दात लावला. रेबीजच्या लशीसाठी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, हे पुढे चावरे होणार. कुठेतरी सोडून येऊ." गुरुजींनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी घरांत मुलांना सांगितली जाते. तीत भक्ताचे अंतःकरण सर्वांना दिसते. कुत्रे मात्र पुढे पळतच असते, इकडे सहसा लक्ष जात नाही.

अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत माणसाचा सहवास न घडलेले पिल्लू पुढे त्याला बिचकते, असे त्यांना आढळले. या पिल्लाचे ते आठवडे कोठे गेले, कोण जाणे! परंतु गेलेला काळ हा सर्वस्वी गेलेलाच असतो असे नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलासमोर, तो आवडीचा खाऊ खात असताना, पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला होता. पुढे तो मुलगा सशाला कुरवाळू लागला.

गुरुजी आता पलंगापासून चार हातांवर, पाठ अर्धी वळवून, जमिनीवर वर्तमानपत्र वाचीत बसू लागले. नजर रोखायची नाही, डोक्यावरून हात न्यायचा नाही. पोळीचा तुकडा ते आपल्याकडे नव्हे, तर पिल्लाच्या पलीकडे टाकीत. खाण्यासाठी त्याला माणसापासून दूरच जाता येई. त्याने तुकडा सोडला तर आज अंतर कमी पडले असे समजायचे. मिटलेली छत्रीही अशीच रोज वीतभर पुढे सरके. सर्वांत अवघड गेले ते आवाज उतरवणे. जुने विद्यार्थी अजूनही गुरुजींना पाहून रस्ता बदलतात, अशी घरात थट्टा चाले. ती थट्टा त्यांना त्या महिन्यात प्रथमच झोंबली.

दिवाळीच्या रात्री खिडक्या बंद करून पंखा मोठा लावला होता. गुरुजी नेहमीच्या जागी बसले. एक मोठा फटाका वाजला. पिल्लू थरथरत बाहेर आले आणि त्यांच्या गुडघ्यामागे येऊन बसले. त्यांनी हात उचलला नाही.

मुलाने तो विषय पुन्हा काढला नाही. केरसुणीचे भय मात्र अद्याप गेलेले नाही. झाडलोट सुरू झाली की पिल्लू अंगणाकडे निघते, आणि बाई केरसुणी जमिनीलगत धरून त्याला वाट देते.