तालुका सांग!

‘रेंदाळ’ असं म्हणून तो मुलगा ऐटीत मागे टेकला आणि समोरची मुलगी उसळलीच. ‘ए, असं गावच नाहीये!’

उक्षी स्टेशन नुकतंच मागे पडलं होतं. मालवणला निघालेली कॉलेजची मुलं. पत्ते पिसून झाले होते, गाण्यांच्या भेंड्या एका मित्राच्या आवाजामुळे सर्वानुमते बंद पडल्या होत्या, म्हणून गाडी गावांच्या भेंड्यांवर आली होती. कुणीतरी चंद्रपूर म्हणून र दिला होता. रत्नागिरी, रोहा, राजापूर सगळी आधीच खर्ची पडलेली, तेव्हा या पठ्ठ्यानं रेंदाळ काढलं. मुलीनं फोन उघडून नाव टाकलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. रेंज गेली. पडद्यावर ते चाक नुसतं गरगरत राहिलं आणि त्या मुलांना पुराव्याशिवाय भांडावं लागलं. फार सुरेख भांडली. ‘माझ्या आत्याच्या नणंदेचं सासर आहे तिथं’, ‘तुझ्या आत्याला नणंदच नाही’, ‘मग तू सांग र वरून, सांग ना’.

रेंदाळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, चांदीच्या हुपरीच्या शेजारी. मी तिथं कधी गेलेले नाही. पण एकनाथ पांडुरंग रेंदाळकर नावाचे कवी होऊन गेले, आणि ज्या अर्थी रेंदाळकर, त्या अर्थी रेंदाळ असलंच पाहिजे. आमच्या घरी हा पुरावा चालायचा. गाव कुणाला ठाऊक नसलं तरी त्या गावाचं आडनाव सांगितलं की दावा मान्य. मर्ढेकरांमुळे साताऱ्याजवळचं मर्ढे पास झालं, शिरवाडकरांमुळे नाशकाकडचं शिरवाडे, मंगेशकरांमुळे गोव्यातलं मंगेशी. तेंडोली तर सचिन तेंडुलकर शाळेत असल्यापासूनच पास होती. मराठी कवितेच्या पुस्तकाची अनुक्रमणिका ही आमची अर्धी भूगोलाची वही होती. एका चुलतभावानं प्रभाकर या नावावरून ‘प्रभा’ हे गाव खपवायचा प्रयत्न केला, तेव्हा मात्र काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

काकांचं पाहणं पुरेसं असायचं. ते आरएमएसमध्ये सॉर्टर होते, रेल्वे मेल सर्व्हिसच्या भुसावळच्या एल डिव्हिजनमध्ये. मेल गाडीला टपालाचा एक डबा असायचा. आत भिंतभर खण, वर पिवळा दिवा, खाली थैल्या, लाखेचा वास. गाडी पळत असताना उभ्यानं टपाल लावायचं. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा अशी स्टेशनं येत जायची, आणि स्टेशन यायच्या आत त्या स्टेशनची थैली बांधून, मोहोर मारून दाराशी तयार पाहिजे. पाकीट हातात आलं की वाचायला वेळ नाही. नजर पडली की हातानं खणाकडे जायचं. काका म्हणायचे, सॉर्टरला गावं माहीत असावी लागत नाहीत, रस्ते माहीत असावे लागतात. अमुक वाडीचं पत्र कुठल्या पोस्टात उतरतं, त्या पोस्टाची थैली कुठल्या स्टेशनात पडते, तिथून पुढे एसटी जाते की हरकारा. जन्मात न पाहिलेल्या शेकडो गावांना कसं पोचायचं ते त्यांच्या मनगटाला पाठ होतं.

अशा माणसाशी गावांच्या भेंड्या खेळायच्या म्हणजे काय, ते खेळल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यातली भुसावळची दुपार. बाहेर पाय ठेवायची सोय नाही. खिडकीला वाळ्याचा पडदा, काकू त्यावर अधूनमधून तांब्यानं पाणी मारतेय. रात्रपाळी करून आलेले काका खरं तर झोपायला हवेत, पण भिंतीकडे तोंड करून पडलेले असताना मध्येच त्यांचा आवाज यायचा, ‘तालुका सांग.’

हा त्यांचा नियम. नुसतं गाव नाही, तालुका सांगायचा. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. नाही सांगता आला तर भेंडी चढली. या एका नियमानं आमच्या खेळाची जातच बदलली. कारण महाराष्ट्रात कुठल्याही शब्दापुढे वाडी, खुर्द किंवा बुद्रुक लावलं की ते गाव कुठेतरी असतंच. चाळीस हजारांवर गावं आहेत. लबाडी करायची ठरवली तरी करता येत नाही, आपण थाप मारावी आणि ती परभणीकडे कुठेतरी खरी निघावी, अशी परिस्थिती. तालुका विचारला की थाप गळून पडते.

पण त्यातून दुसरंच लचांड निघालं. एकदा क वरून चाललं होतं, ‘कर्जत’ दोनदा आलं. पहिलं मी म्हटलेलं, दुसरं चुलतबहिणीनं. मी ओरडले, झालंय ते! तिनं शांतपणे तालुका-जिल्हा सांगितला. माझं कर्जत रायगडातलं, तिचं नगरमधलं. आम्ही सगळे भिंतीकडे वळलो. काका उठून बसले. झोप उडालेली. ‘दोन्ही चालतील’, ते म्हणाले, ‘पत्र दोन खणांत जातं ना, मग गावं दोन.’

मग त्या दुपारी खेळ बाजूला राहिला आणि काकांनी जुळ्या गावांची पोतडी उघडली. मालेगाव नाशिकचं आणि मालेगाव वाशीमचं. खेड रत्नागिरीतलं आणि खेड पुण्यातलं, ज्याचं पुढे राजगुरुनगर झालं. कळंब यवतमाळकडे आणि कळंब मराठवाड्यात. आष्टी बीडमध्ये, आष्टी वर्ध्यात. कारंजा लाड आणि कारंजा घाडगे. नांदगाव आणि नांदगाव खंडेश्वर. शिरूर पुण्याकडचं, शिरूर कासार, शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद. वडगावांचं तर त्यांनी नावच घेतलं नाही, नुसते हात जोडले. लोक पाकिटावर फक्त ‘वडगाव’ लिहून मोकळे होतात, ते म्हणाले, त्यांना वाटतं जगात वडगाव एकच, आपलं. अशा वेळी ते पाठवणाऱ्याचा शिक्का बघायचे, आडनाव बघायचे, अक्षराचं वळण बघायचे. आडनाव आणि गावाचा आमचा घरगुती पुरावा मूळचा त्या पळत्या डब्यातला होता.

या गोंधळावरच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले बडे अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सहा आकडे: पहिले तीन सॉर्टिंगच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, पुढचे तीन थेट पोस्टाच्या दारात. रायगडचं कर्जत ४१०२०१, नगरचं ४१४४०२. भांडण मिटलं. काकांना वेलणकरांबद्दल आदर होता, पिनकोडबद्दल मात्र काहीसा सवतीमत्सर. ‘आकडा वाचून काय, कुणीही लावेल’, असं ते एकदा म्हणाले आणि लगेच गप्प झाले, कारण ते खात्याच्या धोरणाविरुद्ध बोलणं झालं असतं.

काकांची खरी दौलत होती र. गावांच्या भेंड्या खेळलेल्या कुणालाही ठाऊक असतं की हा खेळ शेवटी र मध्ये जाऊन रुततो. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, चंद्रपूर, लातूर, अहमदनगर, उल्हासनगर: राजेरजवाड्यांनी, संतांनी, बिल्डरांनी सगळ्यांनी मिळून आपल्यावर र चा पाऊस पाडून ठेवला आहे. त्यामुळे ज्याच्याकडे र जास्त तो टिकतो. पण ज्याच्याकडे र वरून सुरू होऊन र वरच संपणारी गावं आहेत, तो जिंकतो. राजापूर. राजूर. रावेर. रेणापूर. रहिमतपूर. रामपूर. राजगुरुनगर. महाराष्ट्राबाहेर चालत असेल तर रायपूर. काका ही गावं राखून ठेवायचे आणि आमचे र संपत आले की एकेक काढायचे. आमच्यावर पुन्हा र. पुन्हा र. शेवटी चुलतभाऊ रडकुंडीला येऊन ‘रताळेवाडी’ म्हणायचा. ‘तालुका सांग.’

आडनावांच्या भेंड्या खेळून पाहिल्या, तर तिथंही सगळे कर. म्हणजे पुन्हा र.

गाण्यांच्या भेंड्या मला मनापासून आवडत नाहीत, हे सांगून टाकते. तिथं आवाज जिंकतो. ज्याला गळा आहे तो अर्धं कडवं गाऊन घेतो, बाकीचे माना डोलावतात आणि अक्षर विसरून जातात. १९९३ साली झी टीव्हीवर अन्नू कपूरची अंताक्षरी आली आणि या खेळाचा समारंभ झाला, कोरस आला, वाद्यवृंद आला. गावांच्या भेंड्यांना कुणी टीव्हीवर बोलावलं नाही, ते बरंच झालं. या खेळात बेसूर माणसाला मान आहे, अबोल माणसाला मान आहे. आणि सोलापूरहून निघून एका अक्षरावर थेट राजापूरच्या गंगेपाशी उतरता येतं, घाट न लागता.

जपानी मुलं शिरितोरी खेळतात. नामच पाहिजे, आणि आधीच्याच्या शेवटच्या अक्षरावरून. रिंगो म्हणजे सफरचंद, त्यावरून गोरिरा म्हणजे गोरिला, त्यावरून राप्पा म्हणजे तुतारी. पण तिथं एक मरण ठेवलेलं आहे: शब्दाच्या शेवटी ‘न्’ आला की बोलणारा बाद. कारण ‘न्’ वरून जपानीत शब्दच सुरू होत नाहीत. कुणी फारच चलाख असेल तर आफ्रिकेतल्या चाड देशाची राजधानी पुढे करतो, न्जामेना, तिचं जपानी लेखन ‘न्’नंच सुरू होतं. एका हरणाऱ्या पोराच्या मदतीला चाड धावून येतो, हे मला फार आवडतं. आपल्याकडे ण आणि ळ ही तशीच बंद दारं. पण आपण कुणाला बाद करत नाही. पुण्याच्या ण चा न करून घेतो, रेंदाळच्या ळ चा ल, आणि लांज्याला निघतो. लोणावळ्याला गेलं तर पुन्हा ळ, पुन्हा ल. ही सवलत कुणी आणि कधी दिली कोण जाणे, पण ती देणारा माणूस खेळ लांबवू पाहणारा होता, संपवू पाहणारा नव्हता.

मोरोपंत या खेळात भयंकर ठरले असते. बारामतीत बसून या माणसानं १०८ रामायणं रचली असं सांगतात. त्यातलं एक दामरामायण. दामयमकाची रीत अशी, की एका चरणाच्या शेवटी जी अक्षरं आली त्यांवरूनच पुढचा चरण उचलायचा. भेंड्याच, फक्त दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायच्या. तमिळमध्ये अंतादी नावाचा आख्खा काव्यप्रकार याच वाटेनं चालतो, अभिरामी भट्टरांची शंभर कवनं अशीच एकमेकांत ओवलेली आहेत. मोरोपंतांचं दुसरं एक निरोष्ठ रामायण, ज्यात ओठ मिटावे लागणारं अक्षर येऊ द्यायचं नाही. प नाही, फ नाही, ब, भ नाहीत, म नाही. म्हणजे रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही. लहानपणी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, काय हा हट्ट. आता वाटतं, काय ती चैन. आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी रेंदाळकर आले आणि म्हणाले, यमकच नको. निर्यमक लिहिलं, त्यासाठी बोलणी खाल्ली, आणि तेहतिशीत गेले. मोरोपंतांची आर्या पाठ असणारी माणसं अजून भेटतात; रेंदाळकर आता बहुधा भेंड्यांपुरते उरले.

अलीकडे गावांची नावं बदलली की माझं पहिलं लक्ष आद्याक्षर-अंत्याक्षराकडे जातं. बाकीच्या वादात पडायला माणसं पुष्कळ आहेत. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, खेळात काडीचा फरक नाही: अ वरून सुरू, र वर संपतं. इस्लामपूरचं ईश्वरपूर, तेही तसंच. बंगळूरला नुसता उकार लागला, र तिथंच. पण १९९६ मध्ये मद्रासचं चेन्नई झालं तेव्हा एक चांगला स गेला, ज्यावरून सातारा, सांगली, सावंतवाडी कुठेही जाता यायचं. २०२३ मध्ये उस्मानाबादचा आणि औरंगाबादचा असे दोन द एका दमात गेले. दौंड, दापोली, दिंडोरी, देवरुख या मंडळींना आता बोलावणारं कोण? धाराशिवनं निदान व दिला. छत्रपती संभाजीनगरनं मात्र, काय देणार, र. उलट बाजूनं पाहिलं तर छ ची सोय झाली. आधी छ आला की सगळे छिंदवाडा नाही तर छपरा गाठायचे, आता राज्यातल्या राज्यात भागतं. जुनं नाव चालवायचं की नवं, याचा निवाडा काकांनी काय दिला असता त्याचा मला अंदाज आहे. ज्या नावानं पत्र पोचतं ते गाव खरं, म्हणाले असते. आणि पत्र काय, बारशाआधीच्या नावानंही पोचतं.

ढ चा प्रश्न तेवढा राहिला. तो येतो कुठून ते सांगते: मंगळवेढा. समोरचा फार शेफारला की काका मंगळवेढा काढायचे. त्यावर मी आजवर ढालगाव, ढेबेवाडी आणि ढोकी जमवली आहेत, तिन्ही तालुक्यासकट. चौथं कुणाकडे असेल तर हवं आहे, फक्त र वर संपणारं नको.