मार्गशीर्षातलं पंढरपूर

२ जानेवारी १८४८. सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळी राघोजी भांगऱ्यांविषयी वाचताना या तारखेपाशी मी अडखळलो, तो अजून पुढे सरकलेलो नाही. त्या दिवशी इंग्रजांनी त्यांना पंढरपुरात धरलं. आषाढी नाही, कार्तिकी नाही. मार्गशीर्ष सरत आलेला. वारीच्या गर्दीत माणूस दडून राहील, हे समजू शकतं. पण डोक्यावर इनाम लागलेलं, साथीदार एकेक करून हाती लागलेले, अशा वेळी हा माणूस डोंगर सोडून भीमाकाठच्या उघड्या मुलखात का उतरला असेल?

नगर जिल्ह्यातल्या राजूरला गेलं की हा प्रश्न जास्तच छळतो. राघोजींचं देवगाव याच परिसरातलं. बाजारपेठेतून मान वर केली की डोंगरच डोंगर. एका बाजूला कळसूबाई, पलीकडे रतनगड, हरिश्चंद्रगड; एवढ्या घळी आणि कपारी, की अख्खी पलटण हरवावी. इथली जनावरंसुद्धा या डोंगरासाठीच घडलेली. राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहावा. पांढऱ्यावर काळे ठिपके आणि कातडी अशी तेलकट, की तळहाताला ओशटपणा लागतो. कोसळत्या पावसाचं पाणी त्या अंगावर ठरत नाही. अशा मुलखात जन्मलेल्या माणसाला लपायला पंढरपूर कशाला हवं?

पेशवाई बुडाली, गडकिल्ल्यांच्या राखणीचे हक्क आटले आणि महादेव कोळ्यांच्या दारात सावकार आला. कागद सावकाराचा, त्यावर अंगठा आपला, आणि कचेरी वाचणार फक्त कागद. राघोजींच्या माणसांनी सावकारांची नाकं कापल्याच्या हकिगती इकडे अजून रंगवून सांगतात. माझं मन त्यांत रमत नाही. मला तो पंढरपूरचा रस्ता दिसत राहतो. लपायची सोय असलेला माणूस तो रस्ता धरतो, तेव्हा त्याला देवापुढे उभं राहून काही सांगायचं असतं, असंच मला वाटतं. जे कचेरीत कोणी ऐकून घेतलं नाही, ते.

पंढरपूरच्या अलीकडे-पलीकडे म्हटलं की मला मंगळवेढं आठवतं. दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना उघडून दिली. शिक्षेसाठी त्यांना बिदरला नेत होते, तेव्हा विठोबा विठू महार होऊन पुढे गेला, दरबारात थैली रिकामी केली आणि पैसे पोचल्याची पावती मागून घेतली. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना मोहरांचा ढीग कसा वाढत गेला, याचंच अप्रूप होतं. आता मला त्या पावतीचं वाटतं. देवाला पावती कशाला हवी? पण दामाजीपंतांना हवी होती. उद्या कोणी पुन्हा हिशेब विचारला, तर दाखवायला कागद नको का? सरकारदरबारी माणसाची मान कागदात अडकते, हे ज्याला कळतं त्या देवावर माझा जीव आहे. आकाशातून चक्र सोडणाऱ्या देवापेक्षा रांगेत उभा राहून शिक्का घेणारा देव मला जास्त आपला वाटतो.

आणि त्याच मंगळवेढ्यात, १३३८ साली, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. तिथे कोणी थैली घेऊन आलं नाही. नामदेव आले, ढिगाऱ्यातून हाडं वेचली. ज्या हाडातून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ते चोखोबांचं, अशी खूण. ती पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही, त्याला पायरीपाशी जागा. कान्होपात्राही याच गावची. बादशहाच्या माणसांच्या हाती पडण्यापेक्षा तिने विठ्ठलाच्या पायांवर प्राण ठेवला. याला सुटका म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण सांप्रदायिक मंडळी म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. दामाजींची कथा उजळ दिसावी म्हणून कुठलाही कीर्तनकार चोखोबांची कथा झाकत नाही. या परंपरेवर माझा भरवसा बसला तो इथे.

महिपतींनी १७६२ साली या संतकथांचा ‘भक्तविजय’ पुरा केला, तो राघोजींच्याच जिल्ह्यात, राहुरीकडच्या ताहाराबादला. या कथा देवगावच्या डोंगरातही पोचल्या असणार. पंढरपूरची वाट धरताना राघोजींच्या मनात दामाजी असतील की चोखोबा?

२ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं.

१८७५ साली पुण्याजवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे बाजारात जाळले. वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. १८७९ साली कायदा झाला: दख्खनच्या चार जिल्ह्यांत, नगर धरून, न्यायाधीशाने नुसता रोखा वाचायचा नाही, मुळात हातात किती पैसे पडले आणि कर्ज कसं फुगलं, हेही तपासायचं. देवगावच्या माणसाचं म्हणणं ऐकायला कचेरीला फाशीनंतर ३१ वर्षं लागली. सावकारी त्याने संपली नाही, हे खरं. तरी त्या कायद्यात मला विठू महाराच्या हातची पावती दिसते, आणि ती कोणी भाबडेपणा म्हणून काढून घेऊ लागलं, तर मी देणार नाही.

मार्गशीर्षात विठोबा देवळात नसतो, असं पंढरपूरकर मानतात. तो महिनाभर गोपाळपुराकडे, चंद्रभागेच्या पात्रातल्या विष्णुपदावर राहायला जातो. खडकावर कृष्णाची पावलं आणि गायींचे खूर उमटलेले. लोक भाकऱ्या बांधून नेतात आणि तिथेच वनभोजन करतात. राघोजी आले ते याच महिन्यात. कोणीतरी त्यांना सांगितलंच असेल, बाबा, देव सध्या नदीत आहे, पाण्यातून जावं लागेल.