गालातला घास

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ असं इथले लोक कौतुकाने म्हणतात. लोचो, खमण, थंडीतला पोंक, चांदनी पडव्याची घारी. अशा खाणाऱ्यांच्या गावात आमची धाकटी जेवणाला कंटाळणारी निघाली!

मी नंदुरबारची, लग्न होऊन अडाजणला आले. थोरला मुलगा ताट चाटूनपुसून वर आणखी मागायचा. धाकटी २००४ च्या जुलैमधली, तिचं सगळंच उलट. वरणभाताचा घास तोंडात घेतला की गालात धरून बसायची. दहा मिनिटं झाली तरी गिळायची नाही. एका जेवणाला तास-सव्वा तास लागायचा. सासूबाई वाटी घेऊन तिच्या मागे गॅलरीत, जिन्यात, पार सोसायटीच्या फाटकापर्यंत जायच्या. चिऊचा घास, काऊचा घास झाले, मग “पोलीस येईल हं” सुरू झालं. एकदा चुलत सासूबाईंनी तिला मांडीवर आडवं घेऊन, नाक दाबून भरवलं. सगळं उलटून पडलं. मी म्हटलं, “काकू, असं नाही भरवायचं. ठसका लागला तर जिवावर बेतेल.” झालं, घरात दोन दिवस अबोला. “आईलाच काळजी नाही,” हेही ऐकून घेतलं.

काळजी कशी नसेल हो? दोन वर्षांची झाली तेव्हा वजन ९ किलो ८०० ग्रॅम. रात्री झोपलेल्या पोरीच्या बरगड्यांवरून हात फिरवत मी जागी असायची.

डॉक्टरांनी वजनाचा तक्ता पुढे ठेवला. म्हणाले, पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. ही नाजूक आहे, पण तिची रेषा तिने सोडलेली नाही. मग विचारलं, “दूध किती पिते?” जवळजवळ एक लिटर! जेवली नाही की दुधाची बाटली, हा आमचा रिवाज. ते म्हणाले, “पोट दुधानेच भरतंय, आणि दुधात लोह नसल्यासारखंच. अर्ध्या लिटरच्या वर देऊ नका. अर्धा तास ताट समोर ठेवा, तिच्या हाताने खाऊ दे, मग उचला.”

घरी हे कोणाला पटेना. “उपाशी ठेवायची का पोरीला?” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि ऑगस्ट आला. उकाईतून पाणी सोडलं, तापी शहरात शिरली. २००६ चा तो पूर ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. आमचा तळमजला बुडाला, आम्ही वरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे. राखीपौर्णिमा तिथेच झाली. वीज नाही, दूध नाही, प्यायचं पाणी मोजून. दिवसातून दोनदा एका पातेल्यात खिचडी व्हायची, तीच सगळ्यांना.

पहिल्या दिवशी तिने चार शितं खाल्ली. दुधासाठी रडून रडून झोपली. माझ्या पोटात नुसता गोळा. शेजारच्या बा म्हणाल्या, “ए खाशे, एने छोडी दो.” वाटी घेऊन मागे पळायला जागाही नव्हती आणि कुणाला सवडही नव्हती, सगळ्यांचे डोळे जिन्यातल्या पाण्याकडे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातवंडांच्या घोळक्यात बसून तिने स्वतःच्या हाताने मूठभर खिचडी खाल्ली. मूठभरच, पण गालात न धरता. सासूबाईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

पाणी ओसरल्यावर घरात चिखल काढला आणि जेवणाची वेळही बांधली. लगेच जादू झाली नाही हं. कधी दोनच घास, कधी ताट तसंच. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात आली तेव्हा कुठे तिने तोंडाला लावली. पण मार्चपर्यंत जेवण अर्ध्या तासावर आलं, वजनही हळूहळू सरकलं.

पुढे कळलं, एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी हेच मांडलं आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. अर्थात वजन घटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, उलट्या होत असतील, तर आधी डॉक्टर.

लेक आता कमावती आहे. पंगतीत अजूनही सगळ्यांत शेवटी उठते, पण पानात काही टाकत नाही. मागे नणंदेची सून बाळामागे वाटी घेऊन पळत होती. सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, “ठेव ती वाटी खाली. बस जरा, तू जेवलीस का?”