डबीतली एक गोळी



गेल्या पर्युषणातली गोष्ट. मोठ्या जाऊबाईंची एकासनं चालू होती. व्याख्यानाला मांडी घालून बसल्याने त्यांचे गुडघे धरले. माझ्या डबीत कंबरदुखीसाठी मिळालेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या. "घ्या ताई, मला लगेच उतार पडतो," म्हणत रोज एकासनाला एक गोळी मीच त्यांच्या हातावर ठेवली.

पाचव्या दिवशी पायांवर सूज, मळमळ, लघवी अगदी कमी. क्रिएटिनिन ०.९ वरून २.१ वर गेलेलं! दवाखान्यात ठेवावं लागलं.

त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही जोडगोळी होती. डॉक्टरांनी समजावलं, "दुखण्याच्या गोळीने मूत्रपिंडात रक्त आणणारी नळी आक्रसते, टेल्मिसार्टनने बाहेर नेणारी सैल होते. त्यात लघवीची गोळी आणि व्रतात कमी पाणी. मग गाळायला दाबच उरत नाही."

घरखर्चाचा पै-पैचा हिशेब ठेवणारी मी बी.कॉम. बाई, पण घरात कोणाला कोणती गोळी चालू आहे, याची नोंद नव्हती. आता त्याचीही वही केली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं पहिल्या पानावर लिहिलंय:

वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, स्टिरॉइड किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील, तर दुखण्याच्या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठीच्या रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा उपयोग आयब्युप्रोफेनमुळे कमी होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट आणि लिथियम शरीरात साठू शकतात. नावं वेगळी असली तरी अशा दोन गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. आणि बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. व्रत धरण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

संवत्सरीला ताई दवाखान्यातच होत्या. दरवर्षी मी "जाणता-अजाणता" म्हणून सगळ्यांची क्षमा मागते. त्या दिवशी मात्र चूक नेमकी ठाऊक होती. हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना आवाज फुटेना. ताई म्हणाल्या, "अगं, मीही विचारलं नाही ना. तुलाही मिच्छामि दुक्कडम्."

काही आठवड्यांनी क्रिएटिनिन खाली आलं. आता कोणाचा गुडघा दुखला, की मी गरम पाण्याची पिशवी देते. गोळी मात्र देत नाही. एवढंच विचारते, "तुमच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? डॉक्टरांना दाखवल्यात का?"